आधी मुरू द्या, मग कुंडीत घाला

बकरी ईदच्या आधी दोन-तीन आठवडे आपल्या घरांत आणि मोहल्ल्यांत बोकड येतात. कुणाच्या अंगणात, कुणाच्या गच्चीवर, तर कुणाच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत ते बांधलेले असतात. मुले त्यांना हिरवा पाला आणि चणे खाऊ घालतात, अंघोळ घालतात, नावेही ठेवतात. रोज सकाळी झाडलोट केली की घमेलेभर लेंड्या सहज जमा होतात. घरात चार कुंड्या असल्या तर घरची बाई म्हणते, "फेकायच्या कशाला? झाडांना घालू या. बकरीचे खत तर बाजारात विकत मिळते."

विचार चांगला आहे. घरात आलेली उपयोगाची वस्तू वाया जाऊ नये, ही आपली जुनी शिकवण आहे आणि लेंडीखत खरोखरच उत्तम खत आहे. पण बाजारात विकत मिळते ते लेंडीखत आणि आज सकाळी झाडून काढलेल्या लेंड्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर आहे. लेंड्या असोत, गाई-म्हशीचे शेण असो की कोंबड्यांच्या खुराड्यातील विष्ठा असो, ताजी असते तोवर ती खताचा कच्चा माल असते. कच्चे पीठ पुढ्यात ठेवले तर कुणी त्याला भाकरी म्हणत नाही. तसेच हे आहे.

हे अंतर पाळले नाही तर नुकसान केवळ झाडाचे होत नाही. घरच्या भाजीतून ते ताटात येऊ शकते, मुलांच्या हातांना लागू शकते आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला त्रास देऊ शकते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

झाड का करपते?

नव्या कुंडीत ताजे शेण घातले आणि आठवड्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, रोप माना टाकून बसले, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. "खत गरम पडले" असे आपण म्हणतो. हे म्हणणे बरेचसे खरे आहे.

ताज्या शेणात आणि मूत्रात नत्र भरपूर असते. ते कुजू लागले की अमोनिया वायू तयार होतो. गोठ्यात किंवा खुराड्यात शिरताच नाकाला आणि डोळ्यांना झोंबतो तोच हा वायू. मुळांजवळ तो जमा झाला की कोवळी मुळे जळतात. शिवाय ताज्या विष्ठेत क्षार असतात. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही, आणि कुंडीत पाणी असूनही झाड तहानलेले राहते. शेतात हे क्षार पसरतात, खाली झिरपतात. कुंडीत मात्र माती थोडी आणि वाट बंद, त्यामुळे नुकसान लवकर दिसते.

सगळ्या जनावरांचे खत सारख्या ताकदीचे नसते. साधारण शेणखतात नत्र अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के आणि पालाश अर्धा टक्का धरतात. शेळ्या-मेंढ्यांच्या खतात नत्र सुमारे ३ टक्के, स्फुरद १ टक्का आणि पालाश २ टक्के धरतात. कोंबडखतातही नत्र साधारण ३ टक्के असते आणि स्फुरद तर अडीच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे लेंडीखत आणि कोंबडखत ही गाईच्या शेणखतापेक्षा कितीतरी पटींनी तेज आहेत. जितके खत तेज, तितके ते ताजे घालणे धोक्याचे. कोंबड्यांची ताजी विष्ठा थेट मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या बुंध्याशी टाकली तर रोप वाचणे कठीण असते.

लेंड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या कोरड्या आणि घट्ट असतात, शेणासारख्या लगेच तापत नाहीत. म्हणून पुष्कळजण त्या ताज्याच घालतात आणि झाड लगेच मरत नाही, तेव्हा सारे ठीक आहे असे समजतात. पण अख्ख्या लेंड्या कुंडीत कित्येक महिने तशाच पडून राहतात. झाडाला त्यांतून फारसे काही मिळत नाही, आणि जनावराने खाल्लेल्या गवताचे बी त्यांतून उगवते. कुंडीत न पेरलेले गवत भरमसाट वाढले तर ते बहुधा कच्च्या खतातूनच आलेले असते.

ताटापर्यंत येणारा धोका

झाड गेले तर दुसरे लावता येते. खरी काळजी दुसरीकडे आहे. निरोगी दिसणाऱ्या गाई-बकऱ्यांच्या आतड्यांतही ई-कोलाय जिवाणूंच्या काही जाती असतात. त्या जनावराला त्रास देत नाहीत, पण माणसाच्या पोटात गेल्या तर रक्ताचे जुलाब होतात आणि लहान मुलांत मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. कोंबड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. जंतांची अंडी असतात ती वेगळीच. हे जिवाणू शेण मातीत मिसळल्यावर लगेच मरत नाहीत. ओलावा आणि सावली मिळाली तर ते काही आठवडे, कधी काही महिने टिकतात. कुंडीत ओलावाही असतो आणि सावलीही.

२००६ मध्ये अमेरिकेत पालकाच्या ताज्या पानांतून अशी साथ पसरली होती. सुमारे २०० लोक आजारी पडले आणि त्यांतील काही दगावले. तपास करणारे कॅलिफोर्नियातील एका शेतापर्यंत पोहोचले. तोच जिवाणू शेताजवळच्या कुरणातील गाईंच्या शेणात आणि रानडुकरांच्या विष्ठेत सापडला. पालक पाकिटात बंद होता, दुकानात नीट मांडलेला होता आणि दिसायला स्वच्छ होता.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. कुंडीत आपण काय लावतो? पुदिना, कोथिंबीर, मिरची, कांद्याची पात, टोमॅटो, मेथी. यांतील निम्म्या गोष्टी आपण कच्च्या खातो. पुदिन्याची चटणी, बिर्याणीवर पेरलेली कोथिंबीर, कचुंबरातला टोमॅटो, इफ्तारच्या ताटातली काकडी. शिजवलेल्या भाजीतील जिवाणू आचेवर मरतात. पण पुदिन्याच्या पानाच्या सुरकुतीत अडकलेला मातीचा कण नळाखाली धरून पूर्ण जाईलच असे नाही.

यासाठी अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत एक सोपी मुदत दिली आहे, ती घरच्या बागेलाही लागू करता येते. ताजे, न मुरवलेले शेण मातीत घातले तर ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो, ते निदान १२० दिवस काढायचे नाही. मुळा, गाजर, पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना ही सारी त्यातच येतात. ज्यांचा खाण्याचा भाग मातीला लागत नाही, त्यांच्यासाठी ही मुदत ९० दिवसांची आहे. मेथी महिन्याभरात काढणीला येते आणि कोथिंबीर चाळीस-पन्नास दिवसांत. तेव्हा हिशेब स्पष्ट आहे. पालेभाजीच्या वाफ्यात ताज्या शेणाला जागाच नाही.

खत हाताळणाऱ्यानेही काळजी घ्यावी. शेणात आणि शेणाच्या मातीत धनुर्वाताचे जिवाणू असू शकतात. हाताला चीर असेल, पायाला भेग असेल तर मोजे आणि चप्पल घातल्याशिवाय खतात हात-पाय घालू नयेत, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. सुके खत चाळताना तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधावा. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा आजारी वृद्ध असेल तर हे काम दुसऱ्या कुणी करावे. रांगणारे मूल ज्या गॅलरीत खेळते, तिथे उघडे शेण ठेवू नये.

माश्या, हुमणी आणि नारळावरचा भुंगा

घरमाशीला अंडी घालायला ओले, ताजे शेण सर्वांत आवडते. उन्हाळ्यात अंड्यापासून पुरती माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे ईदच्या आधी आठवडाभर उघड्यावर साठवलेल्या शेणातून ऐन ईदच्या दिवशी माश्या घरात येतात.

शेतकरी ज्या हुमणीला वैतागतात, तिची अंडी आणि अळ्याही कच्च्या शेणखतातून येतात. पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी कुंडीत दिसली तर समजावे की ती मुळे खात आहे. वाळवीही अर्धवट कुजलेल्या खताच्या मागे येते.

कोकणातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात परसात नारळाची झाडे असतात आणि त्यांच्याजवळच शेणाचा खड्डा असतो. नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा याच खड्ड्यात अंडी घालतो. नारळाची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसू लागली की तो आला असे ओळखावे. खड्डा वरचेवर उपसावा, दिसतील त्या जाड अळ्या वेचून कोंबड्यांना घालाव्यात. कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम नावाची बुरशीची भुकटी मिळते. ती खड्ड्यात मिसळली की अळ्या रोगाने मरतात आणि खताला अपाय होत नाही.

"पण शेतकरी तर ताजेच घालतात!"

हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे.

आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची जुनी पद्धत आहे. रात्रभर कळप शेतात बसतो, सकाळी जमीन लेंड्या आणि मूत्राने खतावलेली असते. शेतकरी त्यासाठी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. हे ताजेच खत आहे. पण ते मोकळ्या रानात, पेरणीच्या आधी बराच काळ पडते. त्यावर ऊन पडते, नांगर फिरतो, मग पाऊस येतो आणि त्यानंतर पेरणी होते. मुरण्याचे काम उकिरड्यात न होता शेतात होते, एवढाच फरक. शिवाय तिथे बहुधा ज्वारी-बाजरी पिकते, जी दळून, भाजून खाल्ली जाते.

दुसरे उदाहरण जीवामृताचे. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी त्याचा प्रसार केला, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. जीवामृतात ताजे शेण असते हे खरे. पण प्रमाण पाहा. १० किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि डाळीचे पीठ २०० लिटर पाण्यात कालवून काही दिवस आंबवतात आणि ते सगळे मिळून एका एकराला देतात. आपण १२ इंची कुंडीत ओंजळभर शेण घालतो, त्याची बरोबरी या प्रमाणाशी होत नाही. आणि पातळ केलेले असले तरी ते ताजे शेणच असते. म्हणून कच्च्या खायच्या पालेभाजीच्या पानांवर ते शिंपडू नये, हे आम्ही आवर्जून सांगतो.

मुरवायचे कसे?

खत मुरवणे म्हणजे शेण आणि सुका पाला-पाचोळा यांचा मेळ घालून, हवा आणि ओलावा देऊन सूक्ष्म जिवांना त्यांचे काम करू देणे. शेणात नत्र जास्त असते आणि पाल्यात कर्ब जास्त. नुसते शेण ठेवले तर घाण वास येतो आणि नत्र हवेत उडून जाते. नुसता पाला ठेवला तर तो वर्षभर तसाच राहतो. एक घमेले शेणाला दोन ते तीन घमेली सुका माल, हे प्रमाण धरावे. सुका पाला, भाताचा पेंढा, तूस, उसाचे चिपाड, नारळाच्या सोडणाचा भुसा, यांपैकी जे हाताशी असेल ते चालते. बोकडांच्या पुढ्यात उरलेला, तुडवलेला चारा तर यासाठी फारच चांगला.

*परसदार असेल तर:* पाणी साचणार नाही अशी सावलीची जागा निवडा. विहीर किंवा बोअरवेल असेल तर ढीग तिच्यापासून लांब आणि उताराच्या बाजूला ठेवा. तळाशी काटक्यांचा थर द्या, म्हणजे खालून हवा लागेल. त्यावर एक थर पाल्याचा, एक शेणाचा, असे रचत जा. ढीग निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच झाला तरच तो आतून चांगला तापतो. दोन-तीन दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर काम नीट चालले आहे. ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापून तसा राहिला तर बहुतेक रोगजंतू आणि तणाचे बी मरते. मात्र बाहेरचा थर तापत नाही. म्हणून ढीग फावड्याने वरखाली करून बाहेरचे आत घालावे लागते. सेंद्रिय शेतीच्या त्याच नियमांत अशा ढिगासाठी १५ दिवस ही उष्णता आणि त्या काळात पाच वेळा पालटणे सांगितले आहे. त्यानंतरही दोन-तीन महिने ढीग शांत मुरू द्यावा.

*शहरात, गॅलरीत किंवा गच्चीवर:* जुना प्लास्टिकचा ड्रम किंवा झाकणाची मोठी बादली घ्या. तळाला आणि बाजूंना भोके पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी चार बोटे सुका पाला किंवा फाडलेले वर्तमानपत्र, त्यावर लेंड्या, पुन्हा पाला. सर्वांत वर नेहमी सुका थर असावा, म्हणजे माश्या बसत नाहीत आणि वास येत नाही. लेंड्या घालण्याआधी विटेने ठेचून घ्याव्यात आणि थोड्या ओल्या कराव्यात, नाहीतर त्या लवकर कुजत नाहीत. आठवड्यातून एकदा काठीने ढवळावे. एवढा छोटा साठा तापत नाही. उष्णतेने होणारे काम इथे वेळेने करावे लागते, म्हणून चार ते सहा महिने द्यायला हवेत. घाई करू नये.

ओलावा किती हवा? मूठभर माल हातात घट्ट दाबा. हात ओला झाला पण पाणी गळले नाही, तर ओलावा बरोबर आहे. पाणी गळले तर सुका पाला मिसळा. गोळा न होता सुटला तर पाणी शिंपडा. झोंबणारा वास आला तर शेण जास्त झाले आहे. कुजका, गटारासारखा वास आला तर हवा कमी पडते आहे.

खत तयार झाले हे कसे ओळखावे? रंग काळपट तपकिरी होतो. शेण किंवा लेंडी वेगळी ओळखू येत नाही. ढवळले तरी गरम लागत नाही. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो. तरीही शंका असेल तर एका वाटीत थोडे खत आणि माती घेऊन दहा-बारा मेथीचे दाणे पेरा. चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे उगवले आणि कोंब हिरवेगार राहिले तर खत झाडांना सोसेल. उगवलेच नाहीत किंवा उगवून करपले तर अजून महिनाभर थांबा. ही परीक्षा झाडापुरती आहे, रोगजंतूंचे काय झाले हे ती सांगत नाही. म्हणून मेथी उगवली तरी वर सांगितलेली मुदत पुरी करावी.

ईदचा हिशेब

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने बकरी ईद ऋतूंमधून फिरत असते. सध्याच्या काही वर्षांत ती मे-जूनच्या सुमारास येते, आणि बागेसाठी हा काळ फार सोयीचा आहे. ईदच्या सुमारास ढीग किंवा ड्रम भरला तर चार महिन्यांनी सप्टेंबर अखेर येते. पाऊस सरत आलेला असतो आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर पेरायचे दिवस येतात. ऐन वेळेला घरचे खत तयार असते. फक्त पावसाळाभर ढिगावर ताडपत्री किंवा जुने पत्रे घालावेत. उघडा ढीग पावसात राहिला तर त्याचे सत्त्व वाहून गटारात जाते आणि हातात चोथा राहतो.

तयार खत कुंडीत घालताना एक भाग खताला तीन भाग माती हे प्रमाण ठेवावे. वाफ्याला एका चौरस मीटरला दोन ते अडीच किलो शेणखत पुरते. लेंडीखत त्याच्या निम्मे आणि कोंबडखत चौथा हिस्सा घ्यावे. लागलेल्या कुंडीत महिन्यातून एकदा ओंजळभर खत बुंध्यापासून चार बोटे दूर पसरावे, वर माती लोटावी आणि पाणी द्यावे.

कुर्बानीनंतरच्या इतर गोष्टींविषयीही सांगायला हवे. पोटातून निघणारा अर्धवट पचलेला चारा हा वनस्पतीचाच माल आहे. परसात मोठा ढीग असेल तर भरपूर सुक्या पाल्यात मिसळून तो ढिगाच्या मधोमध पुरता येतो. गॅलरीतल्या ड्रममध्ये मात्र तो घालू नये, वास आवरत नाही. रक्त, आतडी आणि इतर अवशेष कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात टाकू नयेत. माश्या, उंदीर आणि भटकी कुत्री त्यांच्या मागे येतात. गावात खोल खड्ड्यात पुरून वर भरपूर माती लोटावी, शहरात पालिकेने नेमलेल्या गाडीकडेच द्यावे.

कोणाची विष्ठा अजिबात नको

कुत्र्या-मांजरांची विष्ठा भाजीच्या बागेत कधीही घालू नये, मुरवूनसुद्धा नाही. त्यांतील जंत आणि मांजराच्या विष्ठेतील टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी माणसाला लागतो, आणि गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळाला त्याचा विशेष धोका असतो. मांजर कुंडी उकरत असेल तर मातीवर काटक्या किंवा जाळी ठेवा.

कबुतरांविषयी लोक विचारतात, कारण मुंबईत खिडकीच्या सज्जावर ती विष्ठा आपोआप साठते. इराणमधील इस्फहान शहराभोवती सफवी काळात खास कबुतरांसाठी मातीचे उंच बुरूज बांधले होते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी शार्दां याने त्यांची संख्या तीन हजारांवर सांगितली आहे. त्या बुरुजांचे दार वर्षातून एकदा उघडून आत साठलेली विष्ठा काढत आणि खरबुजांच्या शेतांना घालत. खत म्हणून तिची किंमत एवढी मोठी होती. पण तो बुरूज वस्तीतल्या घराची खिडकी नव्हता. सज्जावरची सुकलेली विष्ठा खरवडताना तिची धूळ श्वासात जाते आणि त्यातून फुप्फुसांचे चिवट आजार होतात. म्हणून ती खतासाठी गोळा करू नये. साफ करायचीच असेल तर आधी पाणी मारून ओली करावी आणि तोंडाला मास्क लावावा.

पाकीचा प्रश्न

आपल्या घरांत एक प्रश्न नेहमी निघतो. शेण नापाक, मग त्यावर वाढलेली भाजी पाक कशी? महाराष्ट्रातील मुस्लिम बहुतांशी हनफी, तर कोकणातील बहुतांशी शाफई आहेत. दोन्ही परंपरांत शेण-लेंड्या नापाक मानल्या जातात, पण शेतीसाठी त्यांचा वापर करायला वाव आहे आणि त्यावर वाढलेले पीक पाकच असते. पानाला किंवा मुळाला खताची माती लागली असेल तर ती धुवायची. शेणाच्या खरेदी-विक्रीबाबत दोन्ही परंपरांत फरक आहे. त्याविषयी आणि इतर बारकाव्यांविषयी आपल्या आलिमांना विचारावे.

व्यवहारात इतके करावे की बागेच्या कामाचे कपडे आणि चप्पल वेगळी ठेवावी. नमाजच्या आधी ते बदलावेत आणि हात-पाय साबणाने धुऊन मग वजू करावा. तहारतसाठी जे करायचे तेच आरोग्यासाठीही करायचे आहे, हे पाहून समाधान वाटते.

शेजाऱ्याचा हक्क

बाग लावणे हे आपल्याकडे पुण्याचे काम आहे. लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतो, असा हदीसचा आशय आहे. पण शेजाऱ्याला त्रास न देण्याची ताकीदही तितकीच कडक आहे. ईदच्या दिवसांत तर आपल्या इमारतीत, मोहल्ल्यात सर्वांचे लक्ष आपल्या स्वच्छतेकडे असते. एका घराच्या गॅलरीतून येणारा वास सगळ्या मजल्याच्या मनात अढी निर्माण करू शकतो. ड्रम झाकलेला असावा, शेजारच्या खिडकीपासून दूर असावा, आणि वरचा थर सुका असावा. गच्ची सामाईक असेल तर आधी विचारून मगच ड्रम ठेवावा. खत तयार झाल्यावर शेजाऱ्यालाही दोन ओंजळी द्यावे. पुष्कळ तक्रारी तिथेच संपतात.

ताजे शेण आधीच घातले असेल तर

काही घरांत हा अंक पोहोचेपर्यंत लेंड्या कुंडीत गेलेल्या असतील. घाबरून जाऊ नका. वर दिसणारे शेण काढून ड्रममध्ये टाका. कुंडीला खालून पाणी निथळेपर्यंत दोन-तीनदा भरपूर पाणी द्या, म्हणजे क्षार धुतले जातील. करपलेली पाने छाटा. मोगरा, गुलाब, मेंदी अशी झाडे असतील तर एवढे पुरे. भाजी असेल तर तारीख लिहून ठेवा. पुदिना-कोथिंबिरीला १२० दिवस, मिरची-वांग्याला ९० दिवस हात लावायचा नाही. कढीपत्त्याची मातीजवळची पाने सोडून वरची घेतली तरी त्यालाही ९० दिवसांचाच नियम पाळावा. तोपर्यंत बाजारची भाजी आणावी.

ड्रमवरही खडूने भरल्याची तारीख लिहा. घरात अम्मी, दादी, सुना, मुले असे अनेकजण कुंड्यांकडे पाहत असतात, आणि कोणीतरी अर्धवट मुरलेले खत काढून घालतेच. तारीख समोर असली की वाद होत नाही. मुलांना मुदत मोजायला सांगा. ज्या बोकडाला त्यांनी हाताने पाला भरवला, त्याच्या लेंड्यांच्या खतावर थंडीत मेथी उगवलेली त्यांना पाहू द्या. ती मेथी भाकरीबरोबर निर्धास्त खाता येईल, इन्शाअल्लाह.